नाच शिकताना ‘स्वतःचं’ कधी सुरू होतं?

निरगुडी

मुलगी आठवीत आहे. कोथरूडला कथकच्या क्लासला जाते. गांधर्व महाविद्यालयाच्या नृत्याच्या परीक्षा देत देत आता मध्यमा प्रथम या परीक्षेची तयारी चालू आहे. बाई जीव तोडून शिकवतात, त्याबद्दल तक्रार अजिबात नाही. प्रश्न वेगळाच आहे.

माझ्या सासूबाईंना जात्यावरच्या ओव्या पाठ आहेत. त्यातली एक लेकीने फोनवर रेकॉर्ड करून घेतली आणि तिच्यावर आपणहून नाच बसवला. दळायला बसलेली बाई. पदराने कपाळ पुसते, जात्यात वैरण म्हणजे मूठभर दाणे घालते, पीठ सारते, मधेच कुणी आलं का म्हणून दाराकडे बघते. शेवटी उठताना पायात छोटीशी तिहाई. सासूबाई बघतच राहिल्या. पोरीने मोठ्या उत्साहाने ते क्लासमध्ये करून दाखवलं. बाईंनी पूर्ण पाहिलं, छान म्हणाल्या, आणि मग, ‘पण आत्ता हे नको. आधी अभ्यासक्रमातल्या बंदिशी, म्हणजे ठरलेल्या रचना, पक्क्या कर.’ तेव्हापासून तिचं नाचात लक्ष नाही.

मला नाचातलं फारसं कळत नाही, म्हणून जाणकारांना विचारते. आधी वर्षानुवर्षं दुसऱ्याने बांधलेलं गिरवायचं आणि मग कधीतरी स्वतःचं, असंच असतं का? आणि ते ‘कधीतरी’ नक्की केव्हा येतं? फक्त कथकबद्दल नाही, लावणी, लेझीम, मंगळागौर, कशाबद्दलही लिहा.

---

पर्वतीचा_पायथा

बाईंचं बरोबर आहे. आधी पाया, मग कळस. मध्यमेच्या मुलीने काय ते स्वतःचं करायचं?

---

आभाळवेडी

@पर्वतीचा_पायथा, असहमत. चौथीतलं मूल निबंध स्वतःच्या मनाने लिहितंच ना? व्याकरण पूर्ण होईपर्यंत त्याला कुणी थांबवत नाही.

---

डग्गा

गेली कित्येक वर्षं नृत्याच्या क्लासना आणि परीक्षांना तबल्याची साथ करतोय. त्यामुळे नाच मी बाजूने आणि खालून पाहिलेला आहे, जास्त करून पायांकडे बघत. तेवढ्या अधिकाराने लिहितो.

निरगुडीताई, तुमच्या लेकीने शेवटी तिहाई घातली हे वाचून मी उठून बसलो. ती तिने क्लासमधली उचलली की स्वतः बसवली, एवढं विचारून सांगा. कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तिहाई म्हणजे एकच बोल तीनदा घ्यायचा आणि तिसऱ्याचा शेवट बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणायचा. तीनतालाचं एक आवर्तन, म्हणजे एक फेरा, सोळा मात्रांचं, म्हणजे सतरावी मात्रा ही पुढच्या आवर्तनाची सम. आता ‘तिगदा दिगदिग थेई’ हा तीन मात्रांचा साधा बोल घ्या. दोन बोलांच्या मधे एकेक मात्रा थांबायचं, त्याला आम्ही दम म्हणतो. ३+१+३+१+३, झाल्या अकरा मात्रा. शेवटचा ‘थेई’ सतराव्या मात्रेवर हवा असेल तर सातव्या मात्रेपासून उचलावं लागतं. हे हातावर टाळी देत करून पाहा, लगेच कळेल.

क्लासमध्ये मुलांना ‘सातपासून घ्या’ एवढंच सांगितलं जातं. ती घेतात, समेवर येतात, शाबासकी मिळते. पण सातच का, हे ज्या दिवशी मुलगी विचारते त्या दिवशी तिचं स्वतःचं सुरू झालं असं मी समजतो. मग विशारदसारख्या वरच्या परीक्षेची वाट बघावी लागत नाही. लेकीला एक गृहपाठ द्या: दम एकाऐवजी दोन मात्रांचा ठेवला तर कुठून उचलशील?

---

सम_विषम

पाचव्यापासून. ३+२+३+२+३ = १३.

---

डग्गा

शाबास, पण गृहपाठ तुम्हाला नव्हता.

---

आभाळवेडी

आणि दमच नाही घेतला तर नऊ मात्रा होतात, म्हणजे नवव्यापासून. नववी म्हणजे खालीच की, जिथे टाळी न देता हात मोकळा टाकतात ती मात्रा! म्हणून खालीवरून उचललेली तिहाई इतकी सुटसुटीत लागते होय. इतकी वर्षं कार्यक्रम बघतेय, हे आज कळलं.

---

चौफुला_फाटा

धागा वर वर जातोय म्हणून लावणीवाल्यांच्या वतीने बोलतो. माझं गाव दौंड तालुक्यातलं, चौफुल्याची कला केंद्रं घरापासून हाकेच्या अंतरावर. लहानपणी ‘तिकडे जायचं नाही’ एवढंच कानावर पडलं. मोठेपणी गेलो, आणि जे पाहिलं त्याच्यापुढे पुण्यातल्या मंचावरच्या बऱ्याच लावण्या मला फिक्या वाटायला लागल्या.

पुण्यात लावणी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ढोलकीच्या कडकडाटावर पायात चाळ बांधून धावणारी बाई येते. ती तमाशाच्या फडाची. संगीतबारीतली बैठकीची लावणी निराळी. पेटी, तबला, समोर दहा-पंधरा माणसं, आणि बाई चक्क बसलेली. एक ओळ ती पाचदा-सातदा घेते. शब्द तेच, चाल तीच. पहिल्यांदा ती ओळ रुसून येते. दुसऱ्यांदा त्याच शब्दांवर ती समोरच्याची खोडी काढते. तिसऱ्यांदा नुसती मान वळवून पदराचं टोक बोटाला गुंडाळते, आणि तेच शब्द अचानक वाट बघून थकलेल्या बाईचे होतात. ही अदा. ती कुणी बसवून दिलेली नसते. त्या रात्री समोर कोण बसलंय, कोणाची दाद कुठे आली, यावर सातवी वेळ ठरते.

वाईच्या यमुनाबाई वाईकर हे करायच्या. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली गेल्या. शंभरी पार केलेली बाई. त्या नुसत्या बसून, हाताच्या आणि डोळ्यांच्या जोरावर लावणी उभी करायच्या.

तेव्हा ‘स्वतःचं’ बघायचं असेल तर तिथे बघा. कोल्हाटी, मांग, महार समाजातल्या बायकांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या जपली, वाढवली. त्यांच्यातल्या बहुतेकींची नावंही आपण लिहून ठेवली नाहीत. त्यांना ना परीक्षा, ना प्रमाणपत्र. आपण सर्जनशीलतेवर चर्चा करतो तेव्हा या बायका आपल्या यादीत शेवटी येतात, याचा मला मनापासून राग आहे.

---

पर्वतीचा_पायथा

@चौफुला_फाटा, प्रतिसाद आवडला. पण आज बालगंधर्व रंगमंदिरात जे लावणीच्या नावाखाली चालतं त्यात अदा कुठे राहिली आहे? रेकॉर्डवर सिनेमातली गाणी आणि खालून शिट्ट्या.

---

चौफुला_फाटा

सगळीकडे तसं नाही. आणि शिट्ट्या मारणारे आपलेच लोक, तो दोष नाचणाऱ्या बाईवर कशाला? नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी ठरवायला येतात. तिथे एकदा जाऊन दोन तास बसा. कमिटी विचारते, ‘सिनेमाची गाणी किती?’ फडमालकाने मग काय करावं? विठाबाई नारायणगावकरांना दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवलं, तरी त्यांचे शेवटचे दिवस हलाखीतच गेले. कलेला नुसती दाद पुरत नाही, पोटाला लागतं.

---

तुळशीबागवाली

खास महिलांसाठी लावणीचे प्रयोग असतात त्यांच्याबद्दलही लिहा की. मी आणि माझ्या दोन्ही जावा गेलो होतो. सत्तरीच्या आजी खुर्चीवरून उठून नाचत होत्या, कुणी शिट्टी वाजवली तर सगळ्या बायका टाळ्या वाजवत होत्या. मंचावरची कलावंत खाली उतरून त्या आजींबरोबर नाचली. आमच्या घरात लावणीचं नाव काढायची सोय नव्हती. माझ्या सासूला हे बघायला मिळालं असतं तर, असं राहून राहून वाटलं.

---

ताशा_तर्री

मंच, मंच आणि मंच! अहो, पुण्यात नाच रस्त्यावर आहे. शाळेत लेझीम खेळली नाही असा माणूस आमच्या पिढीत सापडायचा नाही. लाकडी दांडा, लोखंडी साखळी, तिच्यात ओवलेल्या चकत्या. पहिले दोन दिवस हाताची सालं निघतात, तिसऱ्या दिवसापासून खांद्याला कळतं की झटका मनगटातून द्यायचा. हलगीने चाल बदलली की साठ-सत्तर पोरं एकदम खाली वाकतात आणि एकच ‘छन्न’ येतो. त्या आवाजात माझा आवाज कुठला ते मला सांगता येणार नाही आणि सांगायचंही नाही. ‘स्वतःचं’ कधी सुरू होतं विचारताय, लेझमीत ‘आपलं’ सुरू होतं. मला ते जास्त प्रिय आहे.

अवांतर: विसर्जन मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींसमोर जे चालतं त्याला मी नाच म्हणत नाही.

---

अर्धी_विजार

@ताशा_तर्री, मी म्हणतो. अलका चौकात रात्री दोनला नाचणाऱ्या पोराला वर्षभर कुठे अंग मोकळं करता येतं? बाराशे रुपये फी भरून क्लास लावणं सगळ्यांना जमत नाही. आवाजावर बोला, मी तुमच्या बाजूने आहे. कानाला आणि म्हाताऱ्या माणसांना त्रास होतो हे खरंच. पण त्याच्या नाचण्याला नाच न म्हणणं मला पटत नाही.

---

ताशा_तर्री

पटलं नाही, पण मुद्दा पोचला. फीचं खरं आहे.

---

खण_नऊवारी

आमच्या मंगळागौरीच्या ग्रुपबद्दल सांगते. श्रावणात आम्हाला सोसायट्यांमधून बोलावणी येतात. फुगडी, झिम्मा, पिंगा, बसफुगडी, लाट्या बाई लाट्या, सूप नाचवणं, सगळं बसवलेलं. सारख्या नऊवारी, सारख्या नथी, कोण कुठे उभं राहणार ते ठरलेलं. स्पर्धा असली की मिनिटं मोजून.

माझी आई जागरणाला खेळायची ते असं नव्हतं. आईची फुगडी मला अजून दिसते. हात उलटसुलट धरायचे, पावलांची बोटं बोटांना भिडवायची, आणि मग दोघींनी मागे झुकायचं. जितकं झुकाल तितका वेग. समोरचीने हात सोडला तर दोघी पडणार, त्यामुळे अंग टाकताना तिच्यावर विश्वास ठेवावा लागतो. मधेच कुणी उखाण्यात भर घालायची, कुणी नणंदेला चिमटा काढायची, बाकीच्या त्याला उत्तर द्यायच्या. आमच्या बसवलेल्या खेळात हे चिमटे गेले. आता उखाणेही आधी पाठ केलेले असतात.

तरी मी ग्रुप सोडणार नाही, कारण दर गुरुवारी त्या बायका भेटतात आणि दोन तास नाचतात. पण परवा मी एक सुचवलंय: शेवटची दहा मिनिटं न बसवता ठेवायची. ज्या घरी जाऊ तिथल्या बायकांना आत ओढायचं आणि जे होईल ते होऊ द्यायचं. निम्म्या तयार आहेत, निम्म्या घाबरताहेत.

---

सम_विषम

@खण_नऊवारी, ती दहा मिनिटं ठेवाच. निम्म्या घाबरताहेत म्हणजे ती नक्की रंगणार.

---

दक्षिणद्वार

भरतनाट्यम शिकणाऱ्यांच्या वतीने. ‘तुम्ही मराठी असून दाक्षिणात्य नाच कशाला?’ हे ऐकून कंटाळा आलाय, म्हणून थोडा इतिहास. तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं. सरफोजी दुसरे १७९८ ते १८३२ गादीवर होते. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ त्यांच्या दरबारातले. अलारिपू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना हा कार्यक्रमाचा क्रम आज जगभर मुली नाचतात, त्याची घडी या भावांनी बसवली. खुद्द सरफोजींच्या नावावर नृत्यासाठी केलेल्या मराठी रचना आहेत. म्हणजे तमिळ देशी, मराठी राजाच्या दरबारात, मराठी शब्दांवर भरतनाट्यम होत होतं.

पुण्याच्या सुचेता भिडे-चापेकरांनी तंजावरच्या त्या मराठी रचनांचा अभ्यास करून त्या मंचावर आणल्या. शिवाय हिंदुस्थानी रागसंगीतावर भरतनाट्यम बांधलं, ‘नृत्यगंगा’ नावाने. त्यांनी मूळ शैलीला धक्का लावला नाही. अडवू म्हणजे मूळ पदन्यास तेच, मुद्रा त्याच. पण कानावर आपल्या ओळखीचा राग पडतो तेव्हा बघणारा निराळा होतो. निरगुडीताई, तुमच्या मुलीने कथकच्या पायांवर जात्याची ओवी ठेवली, ते याच रस्त्यावरचं आहे.

---

आभाळवेडी

वा! हा प्रतिसाद वाचून लेकीला दाखवाच.

---

घुंगरू_शंभर

मी स्वतः कथक शिकवते, सिंहगड रस्त्यावर. बाईंची बाजू कुणीतरी मांडायला हवी.

माझ्याकडे एका बॅचला पंचवीस मुली. आठवड्यातून दोनदा, तासभर. त्यात ततकार म्हणजे पायांचं काम एकपट, दुप्पट, चौपट, मग हस्तक म्हणजे हातांच्या हालचाली, मग तोडे म्हणजे बोलांच्या छोट्या रचना, आणि पढंत. परीक्षेत मुलीने हातावर ताल धरून सगळे बोल तोंडाने म्हणून दाखवायचे असतात. परीक्षा तोंडावर आली की पालकांचे फोन सुरू होतात. त्यातले बरेच दहावीच्या वाढीव गुणांसाठी: ‘दहावीच्या आत अमुक परीक्षा होईल ना?’ मुलगी काय नाचते हे विचारणारा फोन वर्षाकाठी एखादाच. अशा वेळी एक मुलगी काहीतरी सुंदर घेऊन समोर उभी राहते. मन म्हणतं, बाकी सगळं थांबवावं आणि हिच्याबरोबर बसावं. घड्याळ म्हणतं, अजून चोवीस जणी आहेत. त्या बाईंनी पूर्ण पाहिलं, मधे थांबवलं नाही, यावरून मला तरी वाटतं की त्यांना ते आवडलं होतं.

दुसरं. ‘आधी बंदिश’ म्हणण्यामागे कारण असतं. गतनिकास, म्हणजे चालीतून एखादं पात्र किंवा भाव दाखवणं, घ्या. घुंघट, बासरी, मटकी या गती सगळ्याच शिकतात. घुंघट घेताना बोटं कपाळापाशी कुठे थांबतात, नजर आधी खाली जाते की हात आधी वर जातो, पावलाची टाच कधी टेकते, हे वर्षभर घोटलं की शरीर ते विसरतं. विसरलं की मगच चेहरा मोकळा होतो. जिला अजून ‘हात कुठे’ याचा विचार करावा लागतो, तिच्या डोळ्यांत दळणारी बाई फार वेळ टिकत नाही.

पण ‘आत्ता नको’ म्हणून सोडून देणं मलाही मान्य नाही. आमच्या पुण्यातल्या कथकची परंपराच तशी नाही. रोहिणीताई भाटे यांनी १९४७ साली नृत्यभारती सुरू केली. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे त्या वर्षानुवर्षं शिकल्या, अगदी घोटून. आणि त्याच बाईंनी स्वतःच्या रचना बांधल्या, संस्कृत ग्रंथांचा अभ्यास केला, पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात शिकवलं. शिकणं आणि स्वतःचं करणं त्यांच्या आयुष्यात पाठोपाठ आलं नाही, बरोबरीने चाललं.

मी माझ्याकडे काय करते ते सांगते. महिन्याच्या शेवटच्या तासाला पुस्तक बंद. एकेका मुलीने समोर यायचं, साथीचे काका लेहरा म्हणजे ताल दाखवणारी फिरती धून लावतात, आणि दोन आवर्तनं तिची. काहीही करू दे. नुसती ठाठ, म्हणजे कथकची सुरुवातीची उभी ठेवण, घेऊन उभी राहिली तरी चालेल. पहिल्या वेळी सगळ्या लाजून शिकवलेलाच तोडा घेतात. नंतर एखादी हळूच थांबते, ऐकते, आणि मग पाय उचलते. लेहरा ऐकून उचललेला पाय आणि मोजून उचललेला पाय यातला फरक मला तिच्याकडे पाठ असतानाही कळतो.

---

डग्गा

@घुंगरू_शंभर, शेवटच्या वाक्याला दंडवत. साथीदाराला हाच फरक हातात जाणवतो. मोजणारीच्या मागे वाजवावं लागतं, ऐकणारीच्या बरोबर.

---

कोरडा_चहा

कथक शिकणारा मुलगा आहे इथे एक. क्लासमध्ये एकटाच. शाळेत चिडवायचे, आता कॉलेजात ‘चक्कर दाखव’ म्हणतात. मला स्वतःचं सापडलं ते बाईंनी ‘राधेची गत तुझ्या अंगाने कर, माझ्या नको’ म्हटलं तेव्हा. तीच गत, तेच पाऊल, पण मला माझे खांदे वापरायची परवानगी मिळाली. बस्स, एवढंच लिहायचं होतं.

---

तुळशीबागवाली

@कोरडा_चहा, कार्यक्रम असेल तेव्हा इथे कळव रे. आम्ही जावा-जावा येऊ.

---

पर्वतीचा_पायथा

माझं मत बरंचसं तेच आहे, पायाशिवाय काही नाही. पण महिन्यातून एक तास पुस्तक बंद, ही कल्पना चांगली आहे. तबल्याच्या क्लासमध्येही करता येईल.

---

निरगुडी

सगळ्यांचे आभार. प्रतिसाद वाचून दाखवत होते, मग तिनेच फोन ओढून घेतला.

डग्गाकाका, ती तिहाई तिने स्वतः बसवली होती. क्लासमधला बोल घेतला आणि दम बदलला. आजीची ओवी संपायला लागते तिथे थांबावंसं वाटलं म्हणून, असं म्हणाली. गृहपाठही केला, पण @सम_विषम यांचं उत्तर तिने आधी वाचलं होतं, त्यामुळे ती जरा चिडली आहे.

घुंगरू_शंभरताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी स्वतः बाईंना भेटले. परीक्षा झाली की ओवी परत दाखव, मी वेळ काढते, असं त्या म्हणाल्या. एक अटही घातली: रेकॉर्डिंगवर नाही, तालावर बसवून आण. आता पोर अडली आहे. सासूबाई ओवी म्हणतात ती कधी लांबते, कधी आखडते, तीनतालात काही केल्या बसत नाही. काय करावं?

---

घुंगरू_शंभर

बाईंना माझा नमस्कार सांगा. तालाचं डग्गाकाकाच सांगतील.

---

डग्गा

तीनताल सोडून द्या. जात्याची ओवी जात्याच्या फेऱ्यावर चालते, सोळा मात्रांच्या चौकटीत तिला कोंबू नका. सहा मात्रांचा दादरा घ्या, सावकाश लयीत: धा धी ना, धा ती ना. एक फेरा म्हणजे सहा मात्रा धरा. आजींना तालावर म्हणायला लावू नका, त्यांना हवं तसं म्हणू द्या. लेकीने पाय दादऱ्यात ठेवायचे आणि आजींचा शब्द जिथे पडेल तिथे हात न्यायचा. दोन ओळींच्या मधे आजी श्वास घेतात ना, तिथे पीठ सारायचं.

आणि शेवटची तिहाई आता सहा मात्रांच्या तालात बसवावी लागेल. बोल तोच, ‘तिगदा दिगदिग थेई’, एकेका मात्रेचा दम. दोन आवर्तनं संपून सम यायला हवी. कुठून उचलायचं ते तिला काढू द्या. @सम_विषम, या वेळी गप्प बसा.